केळी, मण्यार आणि फर्स्ट एमबीबीएस

फर्स्ट एमबीबीएसच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, रक्तात पोटॅशियम किती असतं? ‘साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट पर लीटर’ हे उत्तर एका दमात येतं. मग विचारा, हेच आठ झालं तर समोरचा माणूस कसा दिसेल? आल्या आल्या तो काय सांगेल? मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. नीटमध्ये घसघशीत मार्क काढून आलेली मुलं आहेत ही, त्यांची अक्कल काढण्यात अर्थ नाही. आकडा त्यांना पाठ आहे. तो कोणाच्या रक्तातला, हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

मी खान्देशातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं ते, शिकवते. माझं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे अहिराणी घरातली. आमच्या कॉलेजला लागून मोठं हॉस्पिटल आहे आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंतचे पेशंट तिथे येतात. फिजिऑलॉजी विभाग आणि मेडिसिन वॉर्ड यांच्यात चालत पाच मिनिटांचं अंतर. पण आमची मुलं पहिलं वर्ष संपेपर्यंत तो रस्ता फक्त कँटीनला जायला वापरायची.

कागदावर तसं नव्हतं. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात पहिल्याच वर्षी पेशंटशी ओळख करून द्यायची असं स्पष्ट लिहिलंय, ‘अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर’ नावाने. प्रत्यक्षात काय होतं? लेक्चर हॉलमध्ये शंभर-दीडशे मुलं, थायरॉइडचं लेक्चर, शेवटच्या स्लाइडवर गलगंड झालेल्या बाईचा फोटो. झालं एक्स्पोजर, रजिस्टरमध्ये नोंद. आधी दोन वर्षं प्रयोगशाळेतलं विज्ञान आणि मग दोन वर्षं वॉर्ड, ही विभागणी पक्की झाली ती १९१० साली अमेरिकेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी दिलेल्या अहवालानंतर. त्या काळी ती गरजेचीच होती. तिथली बरीच मेडिकल कॉलेजं प्रयोगशाळेशिवाय नुसत्या फीवर चालायची. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये ही भिंत पाडून पहिल्या दिवसापासून केस घेऊन शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे ती कागदावर पाडायला आणखी पन्नास वर्षं गेली.

मला संधी मिळाली ती मेंटॉरशिपमुळे. दरवर्षी प्रत्येक शिक्षकाला फर्स्ट इयरची मुठभर मुलं ‘मेंटी’ म्हणून मिळतात. त्यात काय अपेक्षित असतं, तर हजेरी कमी असेल तर पालकांना फोन, हॉस्टेलच्या मेसची तक्रार ऐकणं, घरची आठवण येऊन रडणाऱ्याला चहा पाजणं. हे सगळं मी करतेच. त्या वर्षी माझ्या वाट्याला आलेल्या मुलांत लातूरचा एक, कोल्हापूरची एक, नंदुरबारकडचा एक पावरा आदिवासी मुलगा, ऑल इंडिया कोट्यातून केरळची एक मुलगी, राजस्थानचा एक आणि इथलेच दोघे-तिघे होते. महिन्यातून एकदा ‘कसं चाललंय, सगळं ठीक ना’ विचारून सही घेण्यापेक्षा या मुलांना घेऊन वॉर्डात जावं, असं मी ठरवलं.

मेडिसिनच्या युनिट हेडना विचारलं तर सर हसले. “पहिल्या वर्षाची पोरं? अहो, बीपीचा कफ उलटा बांधतात ती.” मी म्हटलं, बीपी घ्यायला नाही आणत, प्रश्न पडायला आणते. ते तयार झाले, पण अटी घातल्या आणि त्या अगदी रास्त होत्या. सकाळच्या राउंडमध्ये मध्येमध्ये यायचं नाही. स्थिर असलेलाच पेशंट. त्याची आणि नातेवाइकांची परवानगी रेसिडेंटने (वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरने) नव्हे, मी स्वतः घ्यायची. एका कॉटभोवती चारपाचपेक्षा जास्त नाहीत. दोन अटी माझ्या: पेशंटच्या डोक्यावर उभं राहायचं नाही, स्टूल घेऊन त्याच्या उंचीला बसायचं, आणि केसपेपरला हात लावायचा नाही.

ही शेवटची अट मुलांना जाचक वाटली. पण माझ्या सगळ्या खटाटोपाचा गाभा तोच होता. केसपेपर उघडला की निदान दिसतं आणि निदान दिसलं की डोकं थांबतं. मग मुलं त्या निदानाचं पुस्तकातलं पान आठवतात आणि समोरच्या माणसात ते शोधतात. मला उलटं हवं होतं. आधी माणसाचं ऐका. मग बाहेर येऊन कागदावर लिहा, आत काय बिघडलं असेल आणि त्यामुळे कोणता रिपोर्ट कसा येईल. वाढलेला की कमी झालेला, एवढा बाण काढा. त्यानंतर मी रिपोर्ट दाखवणार. अंदाज चुकला तरी हरकत नाही, पण तो शाईने लिहायचा. पेन्सिल चालणार नाही.

त्यातला एक पेशंट सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती जमलं.

चोपड्याकडचे साठीतले शेतकरी, केळीची बाग असलेले. किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आदल्या रात्री इमर्जन्सीत आणलं होतं. आम्ही गेलो तेव्हा डायलिसिस होऊन ते वॉर्डात बसून चहाची वाट बघत होते. मुलांनी विचारलं, काका, काय झालं होतं? ते माझ्याकडे बघून बोलायला लागले, “ताई, पायमा जीवच नही व्हता. उठाले गऊ तं पडी गऊ.” छातीत दुखलं नाही, ताप नाही, दम थोडासा. नुसते पाय गळाले. लातूरच्या मुलाने मान हलवत लिहून घेतलं. त्याला शब्द सगळे कळले नसतील, पण हाताचा अभिनय कळला.

मग गोष्ट हळूहळू बाहेर आली. केळीची काढणी होती, व्यापाऱ्याची गाडी लागलेली, माल भरायला माणूस कमी, म्हणून एक डायलिसिस चुकलं. दिवसभर बागेत, भूक लागली की हाताशी आलेलं केळं. संध्याकाळी गळून गेल्यासारखं झालं म्हणून घरच्यांनी प्रेमाने शहाळं आणून पाजलं. कोल्हापूरच्या मुलीने जरा सुनावण्याच्या सुरात विचारलं, “काका, केळी खायची नाहीत हे सांगितलं नव्हतं का?” त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “घरनी बाग शे ताई, केया नही खावा तं काय खावा?”

बाहेर व्हरांड्यात बसून मुलांनी अंदाज लिहिले. किडनी खराब म्हणजे युरिया आणि क्रिएटिनिन वाढलेलं, हा बाण सगळ्यांनी काढला. हिमोग्लोबिन कमी, हा दोघांनी. पोटॅशियमचा बाण वर काढला एकट्या केरळच्या मुलीने, ‘शहाळ्यामुळे’ असं शेजारी लिहून. तिच्या आजोबांनाही शहाळं बंद केलेलं होतं म्हणे.

आता मी पहिला प्रश्न टाकला. मध्यम केळ्यात साधारण १० मिलिमोल पोटॅशियम असतं (पोटॅशियमपुरतं मिलिमोल म्हणजेच मिलिइक्विव्हॅलंट). शरीरात पेशींच्या बाहेर जे पाणी असतं ते धरा १४ लीटर, त्यात लीटरला ४ या हिशेबाने सगळं मिळून ५६ मिलिमोल. तुम्ही मेसमध्ये नाश्त्याला दोन केळी खाता, म्हणजे २० मिलिमोल एकदम आत. हे सगळं पेशींबाहेरच राहिलं तर पोटॅशियम किती होईल? मोबाइलवर हिशेब झाला, जवळपास साडेपाच. चार खाल्ली तर सातकडे. मग तुम्ही नाश्ता करून मरत का नाही?

हा प्रश्न त्यांना इतका आवडला की चहा प्यायचं राहिलं. किडनी बाहेर टाकते, हे पहिलं उत्तर. बरोबर, रोजच्या पोटॅशियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास तीच टाकते, पण तिला काही तास लागतात. त्या काही तासांत कोण सांभाळतं? बराच वेळ गेला. शेवटी राजस्थानचा मुलगा, जो लेक्चरला कधी तोंड उघडत नाही, म्हणाला, “मॅडम, जेवल्यावर इन्सुलिन वाढतं. ते फक्त साखरच आत नेतं का?” नाही. इन्सुलिन पेशीच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालवतं आणि जेवणातून आलेलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलून देतं. तिथे तसाही त्याचा मोठा साठा असतो, शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आतच असतं. किडनी मग सावकाश आपलं काम करते.

त्यानंतर मी रात्रीच्या उपचारांचा कागद दाखवला. पोटॅशियम ८. ईसीजीची पट्टी, त्यात उंच टोकदार टी वेव्ह, पी जवळजवळ दिसेनाशी, क्यूआरएस रुंद (पी, क्यूआरएस, टी म्हणजे प्रत्येक ठोक्यात क्रमाने उमटणाऱ्या लाटा). दिलेली औषधं: कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन आणि मग डायलिसिस. “मॅडम, यांना डायबेटिस आहे?” असं एकाने विचारलं आणि दुसऱ्यानेच त्याला गप्प केलं, “अरे, तो पंप!” वर्गात मी हा पंप दरवर्षी शिकवते. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्या वाक्यासाठी कुणी कुणाला कोपराने ढोसल्याचं मला आठवत नाही.

कॅल्शियम मात्र अडलं. ते दिल्यावर पोटॅशियम किती उतरतं? अजिबात नाही, तेवढंच राहतं. मग देतात कशाला? इथे मी त्यांना नर्न्स्टचं समीकरण (पेशीच्या आतबाहेरच्या पोटॅशियमवरून तिचा व्होल्टेज काढायचं सूत्र) काढायला लावलं, जे वर्गात सगळ्यात कंटाळवाणं म्हणून प्रसिद्ध आहे. आत १४०, बाहेर ४, तर उणे ९४ मिलिव्होल्ट. बाहेर ८ केलं की उणे ७६. पेशीचा विश्रांतीचा व्होल्टेज वर सरकला, म्हणजे ती उडी मारायच्या उंबरठ्याजवळ आली. लातूरकराने लगेच पकडलं, “मग स्नायू जास्त चटकन आकसायला हवेत. काकांचे पाय तर गळाले होते.” हा प्रश्न पोस्टग्रॅज्युएट मुलांनासुद्धा विचारला तर घाम फुटतो. सतत अर्धवट उत्तेजित राहिलेल्या पेशीतली सोडियमची दारं एकदा उघडून मग निष्क्रिय होतात आणि व्होल्टेज पुन्हा खाली गेल्याशिवाय ती कामाला येत नाहीत. म्हणून पाय गळतात, म्हणून हृदयातला संदेश रेंगाळतो, म्हणून क्यूआरएस रुंद होतो. कॅल्शियम पेशीचा उंबरठाच वर उचलतं, काही मिनिटांत. परिणाम अर्धा-एक तास टिकतो. तेवढ्या वेळात इन्सुलिनने पोटॅशियम आत ढकलायचं आणि डायलिसिसने शरीराबाहेर काढायचं. कॅल्शियम वेळ विकत घेतं, इन्सुलिन ते पोटॅशियम लपवून ठेवतं आणि घालवतं फक्त डायलिसिस.

परत आत गेलो तेव्हा कोल्हापूरची मुलगी काकांजवळ बसली आणि या वेळी सूर बदलून विचारलं, केळी कमी होणार नाहीत, पण भाज्या कशा शिजवता? मग काकूंना सांगितलं, भाजी चिरून भरपूर पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. आणि बीपीसाठी म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ घरात आणायचं नाही, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. व्हरांड्यातल्या तासाभरात तिने डाएटिशियनला गाठून विचारून घेतलं होतं. काकूंनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “बी अर्धं चालीन का?” म्हणजे केळं.

यानंतर मुलंच मागे लागली. पावसाळ्यात मण्यार चावलेली एक बाई नंदुरबारमधल्या अक्राणीकडून आली होती. व्हेंटिलेटरवर असताना अर्थातच आम्ही आत गेलो नाही. ती उठून बसायला लागली तेव्हा गेलो. बाई पावरी बोलणाऱ्या. आमचा पावरा विद्यार्थी त्या दिवशी दुभाष्या होता आणि त्याचा भाव वधारला होता. रात्री जमिनीवर झोपल्या, पहाटे पोटात दुखायला लागलं, उलटी झाली, घरच्यांना वाटलं शिळं खाल्लं. दाताची खूण कुठेच नाही. उजाडल्यावर पापण्या उघडेनात, मग गिळता येईना, मग श्वास.

मुलांना मी चावणारा कोण ते सांगितलंच नव्हतं. वाटेल ते अंदाज आले, अगदी पक्षाघातसुद्धा. मग शुद्धीवर होत्या का, असं विचारायला लावलं. आमच्या दुभाष्याने विचारलं, बाई काहीतरी बोलल्या आणि तो मुलगा सांगता सांगता अडखळला. त्या सांगत होत्या, हात हलत नव्हता, डोळा उघडत नव्हता, पण मला सगळं ऐकू येत होतं. माझा भाऊ म्हणाला, गेली ही. तेही ऐकलं.

मेंदू जागा, नसा जाग्या, स्नायू शाबूत, तरी सगळं बंद. मग बिघाड कुठे? नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या फटीत. तो धडा त्यांनी दोनच आठवड्यांपूर्वी शिकला होता. पुढचा प्रश्न मी रेसिडेंटच्या नोंदीतून काढला: निओस्टिग्मिन (नस स्नायूला निरोप द्यायला जे ॲसिटिलकोलीन सोडते ते टिकवून धरणारं औषध) देऊन पाहिलं, फरक नाही. नाग चावला असता तर बऱ्याचदा फरक पडतो. का? नागाचं विष स्नायूवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. ॲसिटिलकोलीन वाढवलं तर ते स्पर्धा करून जागा मिळवू शकतं. मण्यारीच्या विषातले घटक नसेच्या टोकालाच पोखरतात, तिथून ॲसिटिलकोलीन सुटतच नाही. जे सुटत नाही ते टिकवून काय उपयोग? आणि म्हणूनच प्रतिविष दिल्यावरही बाई लगेच उठल्या नाहीत. रक्तात फिरणारं विष त्याने आवरतं. मोडलेलं टोक पुन्हा वाढायला दिवस लागतात आणि तोवर श्वास मशीननेच द्यावा लागतो. पण त्या दिवशी मुलांनी फिजिऑलॉजीपेक्षा दुसरीच गोष्ट वहीत लिहिली. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ काय बोलायचं नाही, ते. मी ते सांगणार होते, राहून गेलं आणि बरंच झालं.

उन्हाळ्यातली एक केस अगदी थोडक्यात. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. उष्माघाताने आणलेला एक तरुण मजूर घामाने निथळत होता आणि मुलं गोंधळली, कारण पुस्तकात कातडी कोरडी लिहिलेली. कष्टाचं काम करता करता होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो, हे तिथेच मिटलं.

सिकलसेलला (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) मी जास्त वेळ दिला, कारण नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आमची मुलं इंटर्न झाली की रोज हा आजार बघणार आहेत. बायोकेमिस्ट्रीचे सहकारी बरोबर आले. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, हे बायोकेमिस्ट्रीतलं सगळ्यात लाडकं वाक्य. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे आणि त्याला ‘रेणूचा आजार’ म्हटलं; हा नेमका बदल त्यानंतर काही वर्षांनी सापडला. आम्ही मुलांना एका आईजवळ बसवलं. तिचा मुलगा सातआठ वर्षांचा, वारंवार हाडं दुखतात म्हणून भरती होणारा. मुलांनी विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, तान्हा असताना गुटगुटीत होता, वर्षाचा व्हायच्या आधी हातापायाची बोटं सुजायला लागली.

मग जन्मापासून बिघडलेलं जनुक सहा महिने गप्प का होतं? उत्तर पोचायला वेळ लागला, पण मुलं पोचली. बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटा साखळी नसतेच. ते ओसरलं की आजार उघडा पडतो. तिथून हायड्रॉक्सियुरियापर्यंत एकच पाऊल: हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. थंडीत आणि पाणी कमी पडल्यावर दुखणं का उठतं, हेही त्यांनीच काढलं. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, गावोगाव तपासणी होते, कार्डं मिळतात. एका मुलाने उत्साहाने हिशेब मांडला: दोन्ही आईबाप वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, म्हणजे दोन वाहकांनी लग्नच करू नये, संपला विषय. तेव्हा आमचा पावरा विद्यार्थी पहिल्यांदा चिडलेला पाहिला. “कार्ड मुलाचंही निघतं, पण लग्न मुलीचं मोडतं,” एवढंच बोलला. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही बायोकेमिस्ट्रीतलं नव्हतं. सल्ला कसा द्यायचा यावर आम्ही त्यानंतर वेगळी बैठक घेतली.

‘मॅडम, हे परीक्षेला येईल का?’ हा प्रश्न अर्थातच आला. मला त्याचा राग येत नाही. पोरांनी कोचिंगमध्ये दोन वर्षं हेच ऐकलंय. नव्या अभ्यासक्रमानंतर केस देऊन विचारलेले प्रश्न पेपरात दिसू लागलेत, हे मी त्यांना सांगते. पण खरं सांगायचं तर व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अजूनही ‘नॉर्मल व्हॅल्यू सांग’ हेच जास्त चालतं आणि पाठांतर करणारा मुलगा त्यात पुढे जातो. माझ्या मेंटी मुलांना अंतर्गत परीक्षेत फार जास्त मार्क पडले, असा दावा मी करणार नाही. बदल दिसला तो प्रश्नांत. लेक्चरनंतर ‘सर, ही स्लाइड पाठवाल का’ विचारणारी मुलं ‘असं असेल तर मग तसं का होत नाही’ असं विचारायला लागली. आमच्या विभागातल्या काहींना त्याचा त्रासही झाला.

सगळ्यात ठाम विरोध ॲनाटॉमीच्या सरांचा होता. पहिलं वर्ष बारा महिन्यांचं, विषय तीन, त्यात तुम्ही वॉर्डात हिंडवता. पोरांना ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) काढता येत नाही आणि गप्पा क्यूआरएसच्या. यात तथ्य होतं. केळीवाल्या काकांनंतर पोटॅशियमवर तासभर बोलू शकणाऱ्या मुलांना नेफ्रॉनची (किडनीतल्या गाळणीची) आकृती धड काढता येईना. पेशंटला जेवढं लागलं तेवढंच त्यांनी वाचलं होतं. पेशंट विषयाच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत शिरून पूर्ण खोली बघणं हे शेवटी टेबलावर बसून, कंटाळा सोसूनच होतं. म्हणून मी वॉर्डानंतर त्याच आठवड्यात पुस्तकातला पूर्ण धडा वाचून येणं सक्तीचं केलं. शिवाय भ्रूणशास्त्रासारख्या गोष्टींना मी हातच लावत नाही. त्या चित्रं काढून, पुन्हा पुन्हा काढून, पाठ करायच्या असतात. त्यांच्यासाठी ओढूनताणून पेशंट शोधण्यात अर्थ नाही.

मात्र सरांनी एक केस स्वतः आणली. मुंबई-आग्रा हायवेवर अपघात झालेला ट्रक ड्रायव्हर, दंडाचं हाड मधोमध मोडलेलं, उजवा पंजा मनगटातून लोंबणारा. ऑर्थोच्या वॉर्डात सर मुलांसमोर उभे राहिले आणि माझ्याच पद्धतीने विचारलं, पंजा वर उचलता येत नाही हे दिसतंय. कोपर सरळ करता येईल का? प्लॅस्टर आहे, करायला लावणार नाही, नुसतं सांगा. लिहा. मुलांनी लिहिलं, नाही येणार. कारण रेडियल नर्व्ह (पंजा वर उचलणारी नस) गेली म्हणजे ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू) गेला. सरांनी नकारार्थी मान हलवली. ऑर्थोच्या रेसिडेंटने सांगितलं, ट्रायसेप्स आकसतोय, तपासलंय. नसेने ट्रायसेप्सला दिलेल्या बऱ्याचशा फांद्या दंडाच्या हाडावरच्या खोबणीत शिरायच्या आधीच सुटलेल्या असतात. मोड त्याच्या खाली आहे.

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, डिसेक्शन हॉल बंद. मुलांनी हॉलच्या शिपाई मामांच्या मागे लागून किल्ली मिळवली आणि सर स्वतः बरोबर गेले. अजूनही त्यांचं मत आहे की पहिले काही महिने वॉर्ड नकोच, हातापायांचं डिसेक्शन झाल्यावरच सुरू करा. मला वाटतं, पहिल्या महिन्यातच एकदा तरी न्यावं. पुढच्या बॅचसाठी आम्ही मध्ये कुठेतरी तारीख धरलीय. फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) मॅडमनाही यायचंय. त्यांना कपाशीवरच्या फवारणीचे दिवस हवेत, विषबाधेचे पेशंट असतात तेव्हाचे. ॲट्रोपिन, म्हणजे या विषबाधेवरचं औषध, समजावून सांगायला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही, असं त्या म्हणतात. तेव्हा इमर्जन्सीत इतकी गर्दी असते की परवानगी मिळणं अवघड आहे, पण मी अर्ज करून ठेवलाय.